डिस्कसमूह सुरक्षितपणे ऑफलाइन करण्याच्या पद्धतीचा विकास : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचा विचार सामान्यतः वेग, क्षमता आणि आकार या तीन अंगांनी केला जातो. माहितीची साठवण किती वाढली, किती स्वस्त झाली, किती लहान जागेत मावू लागली, याची नोंद सर्वत्र आढळते. चालू असलेली साठवण व्यवस्थितपणे बंद कशी करावी, या प्रश्नाचा इतिहास मात्र तुलनेने कमी लिहिला जातो. वास्तविक पाहता आज कोणत्याही महाविद्यालयाचे प्रवेशअर्ज, परीक्षेचे गुण, वेतनपत्रके आणि ग्रंथालयाची सूची सर्व्हरमधील डिस्कांच्या समूहावर असते. सर्व्हर जुना झाला की हा समूह एका यंत्रातून काढून दुसऱ्या यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. या हस्तांतराच्या काही मिनिटांत क्रम चुकला, तर अनेक वर्षांच्या नोंदी वाचता न येण्याच्या स्थितीला पोहोचू शकतात.

येथे प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. यंत्राचा वीजपुरवठा तोडणे म्हणजे डिस्कसमूह ऑफलाइन करणे नव्हे. ऑफलाइन करणे म्हणजे या समूहावर आता कोणाचेही काम चालू नाही, लिहावयाचे काहीही शिल्लक नाही आणि या यंत्राचा त्यावरील ताबा संपला आहे, अशी स्थिती निर्माण करून तशी नोंद ठेवणे होय. शासकीय सेवेत अधिकारी बदलून जाताना केवळ खुर्ची रिकामी करीत नाही. तो कार्यभार रीतसर सोपवितो आणि त्याची नोंद होते. डिस्कसमूहाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या पद्धतीचा इतिहास हा मूलतः विश्वास कोठे ठेवावयाचा याचा इतिहास आहे. प्रारंभी हा विश्वास चालकाच्या हातावर आणि स्मरणावर होता. पुढे तो संगणकाच्या कार्यप्रणालीकडे गेला आणि अखेरीस प्रत्यक्ष डिस्कवर लिहिलेल्या नोंदीकडे आला. तथापि या प्रवासाच्या शेवटीही अंतिम निर्णयाची जबाबदारी माणसावरच राहिली आहे.

१. हाताने उचलण्याचे युग

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ३०५ रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्यातील ३५० क्रमांकाच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. सुमारे एक टन वजनाच्या या यंत्रातून तबकड्या काढून नेण्याची सोय नव्हती. साठवण आणि यंत्र ही एकच वस्तू असल्यामुळे ‘साठवण सेवेबाहेर काढणे’ हा स्वतंत्र प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

हा प्रश्न १९६२ मध्ये निर्माण झाला. त्या वर्षी आयबीएमने १३११ हे यंत्र आणले. त्यात १४ इंच व्यासाच्या सहा तबकड्यांचा एक संच असे. त्याचे वजन सुमारे १० पौंड होते आणि त्यात सुमारे २० लाख अक्षरे मावत. हा संच यंत्रातून उचलून कपाटात ठेवता येई आणि त्याच्या जागी दुसरा बसविता येई. एकाच यंत्रावर सकाळी वेतनाचा आणि दुपारी भांडाराचा हिशेब करणे त्यामुळे शक्य झाले. साठवण यंत्रापासून वेगळी झाली आणि त्याबरोबरच ती वेगळी करण्याची रीतही आवश्यक ठरली.

ही रीत हाताची आणि डोळ्यांची होती. चालू काम संपल्याची खात्री करावयाची, यंत्र थांबवावयाचे, तबकड्यांचे फिरणे पूर्ण बंद होऊ द्यावयाचे आणि मग आच्छादन बसवून संच उचलावयाचा. वाचन-लेखनाची शीर्षे तबकडीच्या पृष्ठभागापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असल्यामुळे धूळ किंवा घाई या दोहोंची किंमत मोठी होती. शीर्ष तबकडीवर घासले गेले की तो संच निकामी होई. काय बिघडले याची तपासणी न करता तोच संच दुसऱ्या यंत्रात बसविला, तर त्या यंत्राची शीर्षेही खराब होत, आणि ती खराब शीर्षे पुढे बसविलेल्या चांगल्या संचांनाही ओरखडत. एका ठिकाणचा दोष हस्तांतराबरोबर दुसरीकडे पोहोचतो, हा धडा संगणक-केंद्रांना याच काळात मिळाला.

२. नाव कोणाचे : जागेचे की डिस्कचे?

संच फिरते झाल्यावर ओळखीचा प्रश्न पुढे आला. ‘तिसऱ्या यंत्रावरील डिस्क’ असे म्हटल्यास आज तेथे कोणता संच आहे, हे कसे कळावे? १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या संगणकमालेच्या कार्यप्रणालीत याचे उत्तर दिसते. प्रत्येक संचावर सहा अक्षरांचा अनुक्रमांक असलेली ओळखपट्टी चुंबकीय स्वरूपात लिहिलेली असे. संच कोणत्याही यंत्रात बसविला तरी त्याची ओळख त्याच्याबरोबर जाई. याच मालेतील २३१४ या साठवण-यंत्रात नऊ चालकयंत्रे असत, त्यांपैकी एका वेळी आठ वापरात असत आणि नववे राखीव राही. यंत्राचा पत्ता काढघालीच्या खुंटीने ठरत असल्याने जागेचा क्रमांकही बदलता येई. जागा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष वस्तूच्या रूपाने दिसते.

याच कार्यप्रणालीत चालकाला ‘व्हॅरी’ ही आज्ञा उपलब्ध होती. तिच्या योगे एखादे यंत्र ऑनलाइन किंवा ऑफलाइन करता येई. या परंपरेतील पुढच्या प्रणालींत एक महत्त्वाची तरतूद आढळते. यंत्र वापरात असताना ते ऑफलाइन करण्याची आज्ञा दिली, तर ते लगेच तोडले जात नसे. ‘ऑफलाइन होणे प्रलंबित’ अशी त्याची स्थिती नोंदविली जाई आणि चालू काम संपल्यावरच ते सेवेबाहेर जाई. आज्ञा देणे आणि आज्ञा पूर्ण होणे यांत अंतर असते, हे कार्यप्रणालीने मान्य केल्याचे हे लक्षण होय.

३. युनिक्स : कच्ची वही आणि पक्की वही

१९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने हा प्रश्न अधिक सूक्ष्म केला. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांच्या पीडीपी-११ संगणकाचे वर्णन आहे. त्यात काढता येणाऱ्या डिस्कांची चार लहान यंत्रे होती आणि वापरकर्ते आपापल्या डिस्क त्यांत बसवीत. ‘माउंट’ या आज्ञेने अशी डिस्क मुख्य फाइलवृक्षाला जोडली जाई आणि ‘यूमाउंट’ने ती सोडविली जाई.

या निबंधातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एका डिस्कवरील फाइलला दुसऱ्या डिस्कवरून थेट दुवा देण्यास युनिक्सने मनाई केली होती. डिस्क सोडविताना असे सर्व दुवे शोधून काढण्यासाठी फार मोठा हिशेब ठेवावा लागला असता, हे त्याचे कारण होते. म्हणजेच डिस्क एके दिवशी काढावी लागणार, या विचाराने संपूर्ण फाइलव्यवस्थेच्या रचनेवर मर्यादा घातली. प्रस्थानाची तरतूद आगमनाच्या वेळीच केलेली असावी, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

युनिक्सने वेगासाठी लेखन प्रथम स्मृतीत साठविण्याची पद्धत स्वीकारली. व्यापारी पेढीतील उदाहरणाने ती समजू शकते. दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपले जातात आणि सवडीने पक्क्या वहीत उतरविले जातात. कच्ची वही म्हणजे संगणकाची स्मृती आणि पक्की वही म्हणजे डिस्क. कार्यक्रमाला ‘लिहिले गेले’ असे उत्तर मिळते तेव्हा नोंद अनेकदा कच्च्या वहीतच असते. युनिक्समध्ये ही नोंद उतरविण्यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा होती आणि एक पार्श्वकार्यक्रम साधारणतः दर ३० सेकंदांनी ती देत असे. जुने चालक ही आज्ञा हाताने तीन वेळा देत, अशी परंपरा सांगितली जाते. तिच्यामागे भाबडेपणा नव्हता. आज्ञा परत आली तरी लेखन पूर्ण झालेच असेल असे नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि पुन्हा पुन्हा टंकण्यात जाणारा वेळ डिस्कला मिळत असे.

याच काळापासून ‘डिव्हाइस बिझी’ हा संदेश संगणक-चालकांच्या परिचयाचा झाला. डिस्कवरील एखादी फाइल उघडी असेल, किंवा एखादा वापरकर्ता तिच्यावरील निर्देशिकेत उभा असेल, तर यूमाउंट नकार देते. अनेकांना हा नकार त्रासदायक वाटतो. परंतु कार्यप्रणालीने दिलेली ही सर्वांत मोलाची माहिती असते, कारण चालकाला न दिसणारे काम ती दाखवून देते.

४. एका डिस्ककडून समूहाकडे

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डिस्कचा विचार एकेकटीने करणे अपुरे ठरले. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेड या संकल्पनेवरील निबंध सादर केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क वापराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र त्यातील धोकाही त्यांनी गणिताने दाखविला. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास मानले, तर १०० डिस्कांच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच अपेक्षित असतो. यावर उपाय म्हणून माहितीबरोबर तिची पूरक प्रतही समूहात विखरून ठेवण्यात येऊ लागली.

यामुळे ‘काढणे’ या क्रियेचा अर्थ बदलला. समूहातील कोणतीही एक डिस्क आता स्वतःपुरती पूर्ण नसते. ती एका मोठ्या ग्रंथाचे सुटे पान असते. समूह चालू असताना एकेक डिस्क ओढून काढली, तर पहिली डिस्क निघाल्यानंतरही उरलेल्यांवर लेखन चालू राहते आणि पहिलीवरील माहिती शिळी होते. दुसरी काढताच समूहाची सहनशक्ती संपू शकते. यासाठी लिनक्समधील रेड-व्यवस्था प्रत्येक सदस्य-डिस्कवर घडामोडींचा एक वाढता आकडा लिहिते. आकडा मागे राहिलेली डिस्क जुनी समजली जाते. सर्व डिस्कांवरील आकडा सारखा असणे, हे समूह एकाच क्षणी आणि रीतसर थांबविल्याचे प्रमाण ठरते. तात्पर्य, समूह काढावयाचा तर तो प्रथम समूह म्हणून थांबवावा लागतो; सुट्या डिस्कांना हात लावण्याची वेळ त्यानंतर येते.

५. ताबा, सोडचिठ्ठी आणि गणसंख्या

१९९० मध्ये आयबीएमने आरएस/६००० या संगणकांबरोबर एआयएक्स कार्यप्रणालीची तिसरी आवृत्ती आणली. तिच्यात लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर ही व्यवस्था अंगभूत होती. अनेक प्रत्यक्ष डिस्कांचा मिळून एक ‘व्हॉल्यूम ग्रुप’ होतो आणि त्यातून गरजेनुसार तार्किक खंड पाडले जातात, अशी तिची रचना आहे. समूह सेवेत आणण्यासाठी ‘व्हॅरीऑनव्हीजी’ आणि सेवेबाहेर काढण्यासाठी ‘व्हॅरीऑफव्हीजी’ या आज्ञा आहेत. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील ‘व्हॅरी’ हा शब्द येथे पुन्हा भेटतो. मात्र आता तो एका यंत्राऐवजी समूहाला उद्देशून आहे.

या व्यवस्थेने दोन क्रिया वेगळ्या केल्या. व्हॅरीऑफ केल्याने समूह थांबतो, पण यंत्राच्या नोंदवहीत त्याचे नाव राहते. ‘एक्स्पोर्टव्हीजी’ ही आज्ञा दिल्यावर ते नावही नोंदवहीतून वगळले जाते. डिस्कांवरील माहितीला धक्का लागत नाही. केवळ त्या यंत्राचा संबंध संपतो. दुसऱ्या यंत्रावर ‘इम्पोर्टव्हीजी’ दिल्यावर डिस्कांवरच लिहिलेल्या वर्णनावरून समूहाची पुन्हा ओळख पटते. तात्पुरती रजा आणि बदली यांत जो फरक आहे, तोच या दोन क्रियांत आहे.

समूहाचे वर्णन प्रत्येक डिस्कवर ठेवलेले असते आणि समूह चालू राहण्यासाठी अशा वर्णनांपैकी निम्म्याहून अधिक उपलब्ध असावी लागतात. सभेच्या गणसंख्येसारखाच हा नियम आहे. तीन किंवा अधिक डिस्क असल्यास प्रत्येकीवर एक प्रत असते. दोनच असल्यास एकीवर दोन आणि दुसरीवर एक. त्यामुळे दोन डिस्कांच्या समूहात दोन प्रती असलेली डिस्क बिघडली, तर दुसरी निर्दोष असूनही समूह आपोआप सेवेबाहेर जातो. वरकरणी हे अन्यायाचे वाटते. परंतु अपुऱ्या पुराव्यावर लिहिणे चालू ठेवण्यापेक्षा थांबणे बरे, ही त्यामागील भूमिका आहे.

हीच विचारसरणी इतरत्रही पसरली. व्हेरिटास कंपनीच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये समूहाला ‘डिस्क ग्रुप’ म्हणत आणि त्याला सोडण्याच्या क्रियेला ‘डिपोर्ट’ असे नाव होते. समूह कोणत्या यंत्राच्या ताब्यात आहे, त्या यंत्राचे नाव डिस्कवरील राखीव भागात लिहिलेले असे आणि डिपोर्ट करताना ते पुसले जाई. २००५ मध्ये सिमँटेकमध्ये विलीन झालेल्या या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. त्यामुळे या क्षेत्राच्या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे.

लिनक्सवरील लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर हाइन्झ माउल्सहागन यांनी १९९८ मध्ये लिहिला. त्याचा आदर्श एचपी-यूएक्स या प्रणालीतील व्यवस्था हा होता. त्यात ‘व्हीजीचेंज’ या आज्ञेने समूह निष्क्रिय करता येतो आणि ‘व्हीजीएक्स्पोर्ट’ने हस्तांतरासाठी मोकळा करता येतो. समूहातील एक जरी खंड उघडा असला, तरी व्हीजीचेंज नकार देते. २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने प्रसृत केलेल्या झेडएफएस या फाइलव्यवस्थेत फाइलव्यवस्था आणि डिस्कसमूह यांचे व्यवस्थापन एकत्र आले. तिच्यात प्रत्येक डिस्कवर ओळखपत्राच्या चार प्रती असतात, दोन आरंभी आणि दोन शेवटी. रीतसर एक्स्पोर्ट न केलेला समूह दुसऱ्या यंत्रावर घेऊ पाहिल्यास तो अन्य यंत्राच्या वापरात असल्याची शक्यता दाखवून आयात नाकारली जाते. ओळखपट्टीपासून सुरू झालेला हा प्रवास ताबापावतीपर्यंत येऊन पोहोचला.

६. सामायिक डिस्क आणि गृहीतकाचा बदल

एकच डिस्कसमूह दोन सर्व्हरना तारेने जोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर नवा धोका निर्माण झाला. आता डिस्क उचलून नेण्याची गरज उरली नाही. परंतु दोन सर्व्हर एकाच वेळी समूहावर हक्क सांगू लागले, तर दोघेही आपापल्या कच्च्या वहीप्रमाणे एकाच पक्क्या वहीत लिहितात आणि ती काही क्षणांत निरर्थक होते. यासाठी स्कझी मानकाच्या तिसऱ्या पिढीत टिकाऊ आरक्षणाची तरतूद झाली. ज्या सर्व्हरची किल्ली नोंदलेली नाही, त्याचे लेखन डिस्क स्वतःच नाकारू शकते. विंडोज सर्व्हर २००८ च्या मोठ्या आवृत्त्यांमध्ये सामायिक मार्गावरील नव्या डिस्क मुळातच ऑफलाइन ठेवण्याचे धोरण आले. पूर्वी ‘दिसली की जोडा’ हे गृहीतक होते. त्याच्या जागी ‘मागितल्याशिवाय जोडू नका’ हे गृहीतक आले.

याउलट सामान्य वापरकर्त्याच्या लहान डिस्कांबाबत वेगळी दिशा दिसते. २०१८ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून यूएसबी-डिस्कांसाठी ‘झटपट काढणे’ हे मूळ धोरण झाले. त्यात लेखन स्मृतीत रोखून धरले जात नाही. मात्र ही मोकळीक एकट्या डिस्कची आहे. सर्व्हरमधील समूहाला ती लागू करणे धोक्याचे ठरते.

७. क्रमाचे महत्त्व

उपरोक्त विवेचनावरून एक समान क्रम हाती लागतो. प्रथम उपयोजने आणि विदागार बंद करावेत. त्यानंतर फाइलव्यवस्था सोडवाव्यात. मग समूह निष्क्रिय करावा, हस्तांतर असल्यास तो एक्स्पोर्ट करावा आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष डिस्क काढाव्यात. जोडण्याचा क्रम याच्या नेमका उलट असतो. प्रत्येक पायरी वरची पायरी पूर्ण झाल्याची खात्री करते. म्हणून पायरीचा नकार हा अडथळा न समजता इशारा समजला पाहिजे.

हा इशारा डावलण्याचे मार्गही प्रत्येक व्यवस्थेने ठेवले आहेत. लिनक्समध्ये २००१ पासून ‘आळशी’ यूमाउंटची सोय आहे. तिच्यामुळे फाइलव्यवस्था नजरेआड होते, पण उघड्या फाइलींचे काम आत चालूच राहते. समूह मोकळा झाला असा भास होतो आणि तो मोकळा नसतो. झेडएफएसमध्येही आयात बळाने करता येते. यंत्र जळाले असेल आणि रीतसर सोडचिठ्ठी देणारा कोणी उरलाच नसेल, तर असा मार्ग आवश्यक असतो. मात्र जुने यंत्र खरोखर बंद आहे काय, हे डिस्कवरील कोणतीही नोंद सांगू शकत नाही. ते जाऊन पाहावे लागते.

निष्कर्ष

सहा दशकांच्या या प्रवासातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, साठवणीची ओळख जागेकडून डिस्ककडे आणि डिस्ककडून समूहाकडे सरकली. दुसरा, सुरक्षितपणे बंद करण्याची क्रिया चालकाच्या स्मरणातून निघून डिस्कवरील लेखी नोंदीत आली. तिसरा, उत्तम व्यवस्थेची कसोटी ती आज्ञा किती तत्परतेने पाळते यापेक्षा अयोग्य वेळी कशी नकार देते यात आहे. चौथा, बळाचा मार्ग कधीही पूर्णतः बंद झालेला नाही आणि तो वापरावा की नाही, हे ठरविण्यास माणूसच लागतो.

शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध सरळ आहे. सर्व्हर बदलताना कोणता समूह, कोणत्या क्रमाने, कोणी सोडला आणि कोणी स्वीकारला, याची लेखी नोंद संस्थेकडे असली पाहिजे. कार्यभार सोपविल्याची पावती प्राचार्यांच्या दप्तरात जपली जाते. विद्यार्थ्यांच्या आयुष्यभराच्या गुणपत्रिका ज्या डिस्कांवर आहेत, त्यांच्या हस्तांतराची पावतीही तितक्याच काळजीने जपली जाणे उचित ठरेल.